धाबं, स्लॅब आणि काळी जमीन

भिगवणहून बारामतीकडे किंवा इंदापूरहून वालचंदनगरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाच्या फडांमधून स्लॅबची घरं दिसत राहतात. चौकोनी, सपाट माथ्याची, पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया वर सोडलेली, दर्शनी बाजूला टाइल्स आणि उरलेल्या तीन बाजूंना गिलावाही न झालेली. या घरांविषयी जाणत्या माणसांचं मत बहुतेक ठरलेलं असतं: ही घरं कुठेही असू शकली असती, त्यांचं मातीशी नातं उरलेलं नाही, सिमेंटनं गावाचा चेहरा पुसून टाकला. या मतामागची कळकळ मला समजते, पण निदान पटत नाही. इथल्या घराचं जमिनीशी असलेलं जुनं नातं तुटलं हे खरं. ते तोडलं मात्र कालव्यानं, आणि तेही सिमेंटची पहिली गोणी या भागात उतरण्याच्या कितीतरी आधी. कालव्यामुळे घर पांढरीतून, म्हणजे जुन्या गावठाणातून, उठून काळीत, म्हणजे शेतजमिनीत, गेलं. काळ्या जमिनीवर टिकेल असं बांधकाम शोधता शोधता लोक काँक्रीटपाशी पोचले. म्हणजे स्लॅबचं घर हे याच भूप्रदेशानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते अर्धवट राहिलेलं उत्तर आहे, आणि कुठलं अर्धं राहिलं हे कळायचं तर घरांचा इतिहास पाहावा लागतो.

सुरुवात पावसापासून करावी लागेल. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, भोर-वेल्हे-मुळशीच्या मावळांत, दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे येताना तो झपाट्यानं उतरत जातो आणि बारामती-इंदापूरला पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो, तोही बेभरवशाचा. मावळात छप्पर उतरतंच लागतं. इथे सपाट मातीचं धाबं चालतं, कारण ते भिजवून पाडण्याइतका पाऊस सलग येतच नाही. या पट्ट्यातली वस्ती फार जुनी आहे. कऱ्हा आणि नीरेच्या संगमाजवळ सोनगावला ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष सापडले. जिल्ह्यातल्याच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं 1968 पासून पुढे अनेक वर्षं केलं. इनामगावात आधीच्या काळातली घरं मोठी आणि चौकोनी आहेत. इसवी सनपूर्व 1000 नंतरच्या थरांत लहान गोल झोपड्या येतात, आणि उत्खननकर्त्यांपैकी म. के. ढवळीकरांनी हा बदल पाऊसमान खालावण्याशी जोडला होता. त्यांच्या मांडणीवर पुढे चर्चा झाली असली तरी इथलं घर पाण्याच्या हिशेबानं बदलत आलं आहे, ही गोष्ट त्यातून ठळकपणे समोर येते. सिमेंटच्या काळातही तेच झालं.

धाब्याच्या घराची रचना नीट पाहण्यासारखी आहे. खाली दगडाचं जोतं, त्यावर दगड-चिखलाच्या किंवा नुसत्या मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. आत लाकडी खांब आणि तुळया. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घराचं मोजमाप खणांत. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर कडुनिंबाचा किंवा तरवडाचा पाला, मग चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढरी खारवट माती. पाण्याचा निचरा पन्हळीकडे व्हावा म्हणून थोडासा उतार. मृगाच्या आधी धाब्यावर चढून नवी माती पसरायची, चोपायची, उंदरांनी पाडलेली भोकं बुजवायची, हे दरवर्षीचं काम. ही खारवट मातीच का, याला चांगलं कारण आहे. तिच्यातल्या सोडियममुळे मातीचे बारीक कण पाणी लागताच सुटे होऊन पसरतात आणि छिद्रं बुजवून टाकतात, त्यामुळे पहिल्या सरीनंतर पाणी खाली उतरत नाही. शेतात हीच माती पिकाच्या मुळावर येते. छतावर तिनं पिढ्यान्‌पिढ्या घर कोरडं ठेवलं. ती बहुतेक गावच्या जुन्या, ढासळलेल्या पांढरीतूनच खणून आणली जायची. पडलेल्या घराची माती पुढच्या घराच्या माथ्यावर जायची, आणि सांगाडा सुटा करता येत असल्यामुळे तुळयाही एका घरातून दुसऱ्या घरात जायच्या. पैसा कमी आणि मेहनत भरपूर असलेल्या प्रदेशाची ही बांधकामपद्धत होती.

पण या परंपरेत सगळं गाव राहत होतं असं समजणं चूक ठरेल. आपण परंपरा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येते बारामतीत कऱ्हेकाठी उभी असलेली बाबूजी नाईकांची गढी, किंवा इंदापूरची मालोजीराजांच्या नावानं ओळखली जाणारी गढी. दगड, चुना आणि सागवान ज्यांना परवडत होतं त्यांच्या वास्तू टिकल्या, म्हणून त्या आज परंपरेच्या प्रतिनिधी झाल्या. मधल्या थरातल्या कुणब्याचं घर धाब्याचं असायचं. त्याखालच्या थराकडे, विशेषतः गावकुसाबाहेर, कुडाच्या भिंती आणि पाल्या-गवताचं छप्पर. इंदापूर तालुक्याचा सारा इंग्रजी अमदानीत प्रिंगल या अधिकाऱ्याच्या पाहणीनंतर इतका चढा बसला की जमिनी ओसाड पडल्या, आणि 1836 मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी जमाबंदी इथूनच सुरू केली. तीस वर्षांनी फेरपाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी बैलगाड्या, नांगर आणि विहिरींबरोबर घरांचीही मोजदाद केली, कारण गवताचं छप्पर जाऊन धाबं किंवा कौलं येणं ही सुबत्तेची खूण होती. म्हणजे पक्क्या माथ्याची ओढ स्लॅबच्या जमान्यातली नव्हे. त्याच मुलखातल्या सुप्यात 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं लुटून कर्जरोखे जाळले आणि दख्खनच्या दंगलींना तोंड फुटलं. कर्जानं पिचलेल्या त्या शेतकऱ्याला चांगलं घर हवंच होतं. ते त्याच्या आवाक्यात नव्हतं.

आवाका बदलला तो पाण्यानं. 1876 च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची खुदाई सुरू झाली आणि 1885 च्या सुमारास पुरंदर, बारामती, इंदापूरच्या शेतांपर्यंत पाणी आलं. सुरुवातीला शेतकऱ्यांनी ते फारसं घेतलं नाही. पाऊस बरा झाला की कालवा नुसता वाहायचा. उसाचं गणित आधी जुळवलं ते सासवडकडून आलेल्या माळी बागाईतदारांनी, आणि हळूहळू ते सगळ्यांनी उचललं. ऊस हे गावठाणात राहून करण्याचं पीक नाही. ते वर्ष-दीड वर्ष शेतात उभं असतं. पाण्याची पाळी रात्री-अपरात्री येते. गुऱ्हाळ लागलं की चुलवण अहोरात्र पेटतं. बैल, खत, माणसं, सगळं शेतावरच लागतं. मग शेतावर आधी पाचटाचं छप्पर पडलं, मग पत्र्याचं शेड, मग कुटुंब राहायला आलं, आणि वस्ती झाली. आज बागाईत पट्ट्यात गावाचं नाव सांगितलं तरी पुढे वस्तीचं नाव सांगितल्याशिवाय घर सापडत नाही. 1930 च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना सुरू झाला. पुढे 1950-60 च्या दशकांत माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वरच्या सहकारी कारखान्यांनी हा ओघ पक्का केला.

या स्थलांतराचं घराच्या दृष्टीनं महत्त्व फार मोठं आहे, आणि घरांवर लिहिणारे नेमकं तेच विसरतात. गावठाणातलं घर एकटं नसायचं. शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत, समोर हातभर बोळ, पाठीला दुसऱ्याचा परसू. ऊन मिळायचं ते मुख्यतः माथ्याला, आणि माथ्यावर हात-दीड हात माती. भिंतींवर एकमेकांची सावली. घराचं तोंड आतल्या चौकाकडे किंवा सोप्याकडे. बाहेरच्या बाजूला खिडकी अशी नाहीच, धाब्यात एखादा झरोका. काळीतलं घर शेताच्या मधोमध एकटं उभं राहिलं आणि चारी बाजूंनी उन्हाला सापडलं. ते मातीचं असतं तरी त्याला जुनी सावली मिळाली नसती, कारण ती सावली शेजाऱ्यांची होती. घराभोवती सतत भिजलेली जमीन आल्यामुळे मातीच्या भिंतीपुढे दुसरंही संकट उभं राहिलं. कालव्याखालच्या जमिनी पाणथळ आणि खारपड होऊ लागल्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाटबंधारे खात्याच्या लक्षात आलं होतं आणि चर खणण्याची कामं तेव्हापासून चालली. जमिनीतला खार ओलीबरोबर भिंतीत चढतो, वाळला की फुगतो आणि भिंतीचे पोपडे सुटतात. माथ्यावर पाणी अडवणारा खार आता पायातून भिंत खाऊ लागला.

त्याहून मोठी अडचण खुद्द काळीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि भेग कोपरभर खोल जाते. जुन्या माणसांनी गावं वसवली ती नदीकाठच्या उंचवट्यावर, मुरमाच्या नाहीतर शेकडो वर्षांच्या राबित्यानं घट्ट झालेल्या पांढरीच्या थरावर, आणि काळी फक्त पिकासाठी ठेवली. त्या विभागणीत बांधकामाचं शहाणपण होतं. काळीवर दगड-चिखलाची भिंत उभी केली तर दोन-तीन उन्हाळ्यांत तिला तडा जातो. पायाचा एक भाग वर उचलतो, दुसरा बसतो, आणि भिंत मधून फाटते. नीरेच्या आणि भीमेच्या खोऱ्यात काळीचा थर काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून खोल आहे. सलग भिंतीचा पाया तितका खोल नेणं गरिबाला शक्य नाही. कॉलमचं तसं नाही. ठरावीक अंतरावर खड्डे घ्यायचे, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, तिथे फुटिंग टाकायचं, वर प्लिंथ बीमनं सगळे कॉलम एकमेकांना बांधायचे आणि भिंत त्या बीमवर चढवायची. खालची माती हलली तरी घर हलत नाही. खांबांनी भार घ्यायचा आणि भिंतीनं फक्त आडोसा करायचा, हे तत्त्व खणाच्या घरात होतंच. इथल्या गवंड्याला आणि सुताराला ते परकं वाटलं नाही. तुळईची जागा बीमनं घेतली, किलचांची जागा सेंट्रिंगच्या फळ्यांनी, आणि माथा सपाटच राहिला, कारण पाऊस तोच होता. धान्य, मिरच्या, कुरडया वाळवायला आणि उन्हाळ्यात झोपायला माणसं पूर्वी धाब्यावर चढायची, आता स्लॅबवर चढतात.

आता पहिला आक्षेप: सिमेंट हे बाहेरून आलेलं, कंपन्यांचं द्रव्य आहे, माती गावची होती. अंशतः खरं आहे. पण काँक्रीटच्या घमेल्यात सिमेंटचा वाटा लहान असतो. खडी इथल्याच काळ्या पाषाणाची, वाळू कालपरवापर्यंत भीमा, नीरा आणि कऱ्हेच्या पात्रातली, पाणी कालव्याचं नाहीतर विहिरीचं. स्लॅब पडल्यावर कडेनं आणि मधून वाफ्यांसारखी आळी करतात, त्यांत पाणी भरून आठ-पंधरा दिवस ते आटू देत नाहीत. उसाला पाणी देणारा माणूसच ते काम करतो. या तालुक्यांचं काँक्रीटशी नातं जुनंही आहे. कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवणारे वालचंद हिराचंद हेच हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनचे आणि ह्यूम पाइप कंपनीचे संस्थापक. दोन्ही कंपन्या 1926 च्या. तरी सामान्य घराला स्लॅब यायला साठ वर्षं लागली, कारण सिमेंट परमिटवर मिळायचं. 1982 मध्ये नियंत्रण अर्धवट उठलं आणि 1989 मध्ये पूर्ण उठलं. उसाचं बिल आणि खुल्या बाजारातली गोणी एकत्र आल्यावर वस्त्यांवर स्लॅब पडू लागले. या व्यवहारातली खरी काळी बाजू वाळूची आहे. मातीचं घर पाडलं की माती परत मिळायची; नदीतून उपसलेली वाळू परत येत नाही, आणि उजनी धरणाच्या फुगवट्यातून बोटी लावून चाललेला बेकायदा उपसा इंदापूरला सगळ्यांना ठाऊक आहे. सिमेंटला नावं ठेवणाऱ्यांनी आधी नदीबद्दल बोलावं, असं मला आवर्जून वाटतं.

उजनीचं नाव आलं म्हणून हेही सांगायला हवं की इंदापूर तालुक्याच्या भीमाकाठानं आपली पांढरी स्वतःहून सोडलेली नाही. ती पाण्याखाली गेली. धरण 1980 मध्ये पुरं झालं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी ओसरलं की अजून वर येतं, घरं येत नाहीत. पुनर्वसनाची गावठाणं आखली गेली ती सरळ रेषांत, सारख्या प्लॉटांत, रस्ते सोडून. बोळ नाही, सामाईक भिंत नाही, जुनी पांढरी माती नाही. अशा ठिकाणी लोकांनी धाब्याची घरं पुन्हा बांधायला हवी होती असं म्हणणं अन्यायाचं आहे. ती बांधायला लागणारं गावच शिल्लक नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो उडवून लावता येणार नाही: धाब्याचं घर उन्हाळ्यात गार असायचं, स्लॅबचं घर भाजतं. हे शंभर टक्के खरं आहे. या भागात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. चार-पाच इंचांचा स्लॅब दुपारचं ऊन शोषून घेतो आणि संध्याकाळपासून खाली सोडू लागतो, नेमकी माणसं घरात टेकण्याच्या वेळी. हातभर मातीतून तीच उष्णता खाली उतरेपर्यंत पहाट व्हायची, आणि तोवर माथा निवलेला असायचा. पण ज्या वजनानं घर गार राहिलं, त्याच वजनानं माणसं मारलीही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंपात हजारो माणसं गेली ती मुख्यतः दगड-चिखलाच्या जाड भिंती आणि दरवर्षी माती टाकून टाकून जड झालेली धाबी यांच्याखाली. लाकडी सांगाडा उभा आणि भोवतीच्या भिंती ढासळलेल्या अशीही घरं तिथे दिसली, म्हणजे दोष सांगाड्यापेक्षा भिंतीत आणि भिंत-सांगाड्याच्या सुटेपणात होता. तरी किल्लारीनंतर महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला मातीच्या जड माथ्याखाली झोपायला सांगण्याचा अधिकार कुणाला उरला आहे असं मला वाटत नाही. शिवाय धाब्याची डागडुजी, भिंतींचं लिंपण, जमिनीचं सारवण, हे सगळं कोण करत होतं? बायका. आणि गळक्या छपराखाली कोण राहत होतं? ज्यांना धाबंही परवडत नव्हतं ते. 1985 मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवासपासून आजच्या घरकुलांपर्यंत, गावकुसाबाहेरच्या कुटुंबाला पाटलाच्या घरासारखाच माथा मिळाला तो काँक्रीटमुळे. परंपरेच्या नावानं याकडे दुर्लक्ष करणारी टीका मला मान्य नाही.

मग राहिलं काय? उन्हाचं उत्तर राहिलं. काँक्रीटनं काळीचा प्रश्न सोडवला, पाण्याचा सोडवला, भूकंपाचा बराचसा सोडवला; उन्हाचा प्रश्न त्यानं सोडवला नाही, कारण कुणी तो त्याला विचारलाच नाही. शेतावर घर बांधणाऱ्यानं नकाशा उचलला शहरातल्या बंगल्याचा, जिथे शेजारी होते आणि पंखा-कूलर गृहीत होते. सोपा गेला, त्याच्या जागी हॉल आला. अडीच फुटांची भिंत सहा इंचांवर आली. पश्चिमेला मोठी काचेची खिडकी आली, कारण रस्ता त्या बाजूला होता. यातली एकही गोष्ट काँक्रीटची मागणी नव्हती. ल कॉर्ब्युझिए या वास्तुकारानं अहमदाबादेत 1955 मध्ये बांधलेल्या साराभाईंच्या घरात काँक्रीटच्या तुळयांवर पेललेल्या कमानदार छतांवर माती आणि हिरवळ घातली आहे. सोपा, खोल छज्जा, मुरमाच्या विटांची जाड भिंत, हे सगळं कॉलम-बीमच्या सांगाड्यात बसतं, उलट भार घ्यायचा नसल्यामुळे जास्त सुरक्षितपणे बसतं.

यावर गवंडी लगेच अडवेल, आणि रास्त अडवेल: झालेल्या स्लॅबवर माती टाकायला सांगू नका. वापरात असलेल्या गच्चीसाठी साधारण दीडशे किलो दर चौरस मीटर इतका भार धरलेला असतो आणि फूटभर ओल्या मातीचं वजन पाचशे किलोच्या वर जातं. तेव्हा जुन्या स्लॅबला हलका इलाज हवा: चुन्याचा पांढरा हात, किंवा माथ्यापासून हात-दोन हात उंच बसवलेले सौर पॅनेल, ज्यांची सावली वीजबिलाइतकीच उपयोगी आहे. नवं घर बांधणाऱ्याला मात्र आधीच ठरवता येतं. घरकुलाच्या नियमात 25 चौरस मीटरचं किमान क्षेत्र ठरवून दिलं आहे. पश्चिमेची भिंत किती जाड असावी, सोपा कुठल्या बाजूला यावा, माथ्यावर काय घालावं याबद्दल त्या मापात काहीच नाही. बारामती-इंदापूरच्या पंचायत समित्यांनी आपल्या उन्हासाठी, आपल्या काळीसाठी दोन-तीन नमुने आखून घेतले आणि त्यांतला एखादा बांधणाऱ्याला फुटिंगपासून पॅरापेटपर्यंतचे जास्तीचे पैसे दिले, तर हे काम सुरू होऊ शकतं. त्यासाठी लागणारा गवंडी गावात आहे, मुरूम पायाखाली आहे, आणि पश्चिमेला लावायचं कडुनिंबाचं रोप बांधावर आपोआप उगवतं.